उंबरठ्यावरची हनुवटी

मागच्या दिवाळीनंतरची, कापसाच्या दुसऱ्या वेच्यातली गोष्ट आहे. दिवसभराची वेचणी आटोपून बायका गाठोडी डोक्यावर घेऊन अंगणात आल्या होत्या. ओसरीच्या तुळईला टांगलेल्या काट्यावर एकेकीच्या कापसाचे वजन होत होते, आणि माझे सासरे, ज्यांना घरात आम्ही सारेच बाबा म्हणतो, लाल बांधणीच्या वहीत आकडे उतरवून घेत होते. ऊन उतरले होते, कापसाचा कोरडा, किंचित धुळकट वास ओसरीभर पसरला होता आणि उंबरठ्याला टेकून आमचा बोंड्या गाढ झोपला होता. बोंड्या हा पग जातीचा कुत्रा आहे आणि तो घोरतो. पट्टा सैल झालेल्या जुन्या आटाचक्कीतून यावा तसा तो आवाज असतो. त्या संध्याकाळी एका बाईच्या कापसाचा आकडा त्या घोरण्यात हरवला आणि बाबांना तो दोनदा विचारावा लागला. सगळ्या हसल्या. मीही हसले. आमच्याकडे पाहुण्यांना चहाबरोबर बोंड्याचे घोरणे ऐकवण्याची पद्धतच पडून गेली होती.

रांगेत सर्वांत शेवटी एक वयस्कर मावशी होत्या. त्या हसल्या नाहीत. गाठोडे खाली ठेवून त्या बोंड्याजवळ उकिडव्या बसल्या आणि कणग्यातले धान्य पाहावे तितक्या शांतपणे त्याच्या पोटाकडे पाहू लागल्या. प्रत्येक श्वासाला त्याच्या फासळ्यांच्या खालची कातडी आत ओढली जात होती. "ह्याले दमा हाय का जी?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "नाही हो मावशी, ही जातच अशी असते." "जातच अशी?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. "माह्या मालकाले असंच होये. उशी उंच घेतल्याबिगर झोप नाही ये. शेवटी शेवटी तं बसूनच राहे रातभर." एवढे बोलून त्या उठल्या, त्यांच्या गाठोड्याचे वजन झाले, बाबांनी आकडा लिहिला आणि त्या निघून गेल्या.

जातच अशी असते, हे उत्तर मी इतक्या सहज दिले होते की मला ते पाठ असावे.

बोंड्या मुळात आमचा नव्हे. तो माझ्या नणंदेच्या मुलाचा. पुण्यात नोकरी लागल्यावर त्याने हौसेने पिल्लू घेतले, त्याचे नाव ऑस्कर ठेवले, आणि दीड वर्षाने कंपनीने त्याला परदेशी पाठवले तेव्हा 'दोनच महिन्यांसाठी' म्हणून तो कुत्र्याला विदर्भातल्या आर्वीजवळच्या आमच्या गावी सोडून गेला. त्या दोन महिन्यांना आता चार वर्षे होतील. वातानुकूलित गाडीतून तो अंगणात उतरला तेव्हा त्याच्याबरोबर मऊ गादी, नाव छापलेले वाडगे आणि खाण्याची मोठी पिशवी असा सरंजाम होता. पाचच मिनिटांत पोरे जमली आणि एक जण ओरडला, "हा तं हचचा कुत्रा!" २००३ साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागे-मागे फिरणारा पग साऱ्या देशाने पाहिला. कंपनीचे नाव पुढे दोनदा बदलले, पण खेड्यापाड्यांत या जातीचे नाव आजही तेच आहे. शेजारचे एक आजोबा मात्र जाहिरातीच्या आधीच्या काळातले. ते काठीवर भार देऊन बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "याच्या तोंडावर दार आपटलं काय बाप्पा कोणी?"

ऑस्कर हे नाव सासूबाईंच्या जिभेवर बसेना. आसकर, आसकऱ्या, असे करत करत एके दिवशी त्यांनी त्याची शेपटी पाहिली. पाठीवर घट्ट गुंडाळलेली, फुटण्याच्या बेतात असलेल्या बोंडासारखी. त्या दिवसापासून तो बोंड्या झाला, आणि मला वाटते, त्यालाही ते नाव अधिक आवडले, कारण ऑस्करला तो कधी ओ देत नसे. अर्थात बोंड्या म्हटल्यावर लगेच येतो असेही नाही. हाक ऐकली की तो मान तिरकी करतो, कपाळावरच्या आठ्या अधिक खोल करतो, आपल्या म्हणण्याचा गांभीर्याने विचार करतो आणि जागचा हलत नाही. हट्टीपणात या जातीचा हात धरणारा प्राणी मी आमच्या गोठ्यातही पाहिलेला नाही, आणि आमच्या गोठ्यात एक म्हैस आहे.

गावातले कुत्रे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक विशिष्ट वागणे येते. ते दारात असते, घरात नसते. भाकरीचा तुकडा खाते आणि त्या बदल्यात रात्री भुंकते, वावरातली डुकरे हुसकते. माणसाशी त्याचा व्यवहार रोखठोक असतो. बोंड्याला यातले काहीही येत नाही. पहिल्याच हिवाळ्यात बाबा त्याला कौतुकाने जागलीला घेऊन गेले, तर हा मचाणाखालच्या गोणपाटावर असा झोपला की रानडुकरे हरभऱ्यातून फिरून गेली आणि हा घोरतच राहिला. अनोळखी माणूस अंगणात आला तर तो शेपटीसह सगळे ढुंगण हलवीत त्याच्या पायांशी जातो. चोराला तो तिजोरीपर्यंत सोबत करील, असे माझे यजमान म्हणतात. पण चीनच्या राजघराण्यांतून आणि श्रीमंतांच्या घरांतून ही जात शेकडो वर्षे जोपासली गेली ती मांडीवर बसण्यासाठी आणि माणसाचा चेहरा पाहण्यासाठीच. ते काम तो चोख बजावतो. मी स्वयंपाकघरातून न्हाणीकडे गेले की हा मागे, न्हाणीतून परसात गेले की हा मागे. वह्या तपासायला बसले की माझ्या पायावर त्याचे उबदार, जड बूड येऊन टेकते. घरात कोणी रडले, मोठ्याने बोलले, की तो दोघांच्या मधे येऊन बसतो आणि आळीपाळीने एकेकाच्या तोंडाकडे पाहतो. शाळेतली लहान मुले त्याचे कान ओढतात, त्याच्या पाठीवर डोके ठेवून झोपतात. चार वर्षांत त्याने एकालाही दात लावलेला नाही. त्याची एकच दुखती रग आहे, ती म्हणजे अन्न. अंगणाच्या त्या टोकाला कोणी संत्रे सोलायला घेतले की सालीची पहिली चीर पडताक्षणी तो झोपेतून उठून तिथे हजर असतो. आमचा भाग संत्र्यांचा, त्यामुळे थंडीत त्याची ही धावपळ दिवसभर चालते. एखादी फोड, बी काढून, मिळते. ती तो चावत नाही, गिळतो, आणि काहीच मिळाले नसल्यासारखा पुन्हा पाहत राहतो.

बाबांचे आणि त्याचे नाते मात्र वेगळे. बाबांनी आयुष्यात कधी कुत्र्याला उंबरठ्याच्या आत येऊ दिले नव्हते. पहिले चार दिवस त्यांनी बोंड्याकडे पाहिलेही नाही. पाचव्या दिवशी ते दुपारचे ओसरीवर लवंडले असताना बोंड्या आला, उंबरठ्यालगत काढून ठेवलेल्या त्यांच्या चपलांचे वास घेतले, एक चप्पल ओढून उंबरठ्यावर ठेवली आणि तिच्यावर हनुवटी टेकून झोपून गेला. त्या दिवसापासून हा क्रम मोडलेला नाही. हनुवटी वर, मान ताणलेली, खाली धन्याची झिजलेली चप्पल. मी त्याचे छायाचित्र काढून घरच्या गटावर टाकले तेव्हा परदेशातल्या भाच्यापासून अमरावतीच्या जावेपर्यंत सगळ्यांनी निष्ठा या विषयावर काही ना काही लिहिले. बाबा काही बोलले नाहीत, पण बाजारातून नवीन चप्पल आणायचे त्यांनी दोनदा पुढे ढकलले.

आता उन्हाळ्याबद्दल लिहिले पाहिजे, कारण ही जात आणि विदर्भाचा उन्हाळा या दोन गोष्टी एका वाक्यात आणण्याचे धाडस मुळात कोणी करू नये. पहिल्या वर्षी आम्हांला काही ठाऊक नव्हते. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागला होता, बाहेर पारा शेहेचाळीसच्या वर होता, आणि सकाळी अकराच्या सुमारास वीज गेली. वाळ्याच्या ताट्यांवरचे पाणी थांबले, कूलरचा आवाज बंद झाला, आणि त्या शांततेत मला वेगळाच एक आवाज ऐकू आला, ओल्या लाकडात करवत अडकल्यासारखा. बोंड्या चारही पाय पसरून फरशीवर पडला होता, जीभ पूर्ण बाहेर, आणि जिभेचा रंग गुलाबी राहिला नव्हता, तो जांभळटाकडे झुकला होता. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोनवरच सांगितले की बर्फ लावू नका, साध्या पाण्याने सगळे अंग भिजवा, पोट आणि जांघा भिजत ठेवा, वारा घाला आणि तसेच घेऊन या. सासूबाई सुपाने वारा घालत होत्या, मी तांब्यामागून तांब्या ओतत होते. गाडीत मागच्या बाजूला ओल्या चादरीवर त्याला निजवून आम्ही निघालो तेव्हा रस्त्यावरचे गावठी कुत्रे लिंबाखाली, हातपंपाच्या चिखलात पोट टेकून निवांत पडलेले दिसत होते. त्यांच्याही जिभा बाहेर होत्या, पण त्यांची लांब नाके त्यांच्या कामी येत होती.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जो थोडा येतो तो पंजांच्या गाद्यांना. शरीरातली उष्णता बाहेर टाकायची ती धापा टाकून, म्हणजे जीभ आणि नाकातल्या ओल्या पडद्यांवरून वारा खेळवून. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा, एवढे पाणी ओतूनही, बोंड्याचे १०५ भरले. ज्या नाकावर ही सगळी भिस्त असते ते नाकच पगच्या चेहऱ्यात चेपून टाकलेले आहे. आतला मांसल भाग मात्र त्या प्रमाणात कमी झालेला नाही, तो तेवढ्याच अपुऱ्या जागेत कोंबलेला आहे. टाळूचा मऊ भाग घशापर्यंत लोंबतो. कूलर चालू असला तरी हा श्वास घेण्यासाठी झटत असतो, आणि झटण्यानेच त्याचे अंग आणखी तापते. तो त्या दिवशी वाचला. तेव्हापासून मार्च संपला की त्याचे फिरणे पहाटे पाचला आणि दिवेलागणीनंतर. दुपारी तो न्हाणीच्या फरशीवर किंवा माठाखालच्या ओल्या वाळूत, आणि वीज गेलीच तर एक ओले धोतर तयार. ते धोतर बाबांचे, हे सांगायला नकोच.

बाकीची निगा सवयीची होऊन गेली आहे. नाकावरची घडी रोज पुसायची, मऊ कापडाने, आणि पुसून कोरडी करायची, कारण ओल राहिली की आत बुरशी धरते आणि ताकाच्या जुन्या गाडग्यासारखा वास येतो. डोळे मोठे, उथळ खोबणीत बसलेले, आणि पुढे त्यांना आडोसा द्यायला नाकाचा बांध नाही. दुसऱ्या वर्षी परसात रचलेल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीत सरड्यामागे तोंड खुपसले आणि काडी बुबुळाला लागली, तेव्हा तीन आठवडे दर चार तासांनी थेंब घालायचे काम मी केले. केस आखूड असले तरी इतके गळतात की माझी एकही गडद साडी शाळेत त्यांच्याशिवाय गेलेली नाही. गोचिडांसाठी रोज संध्याकाळी कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत चाचपून पाहायचे, गोठा जवळ असल्यावर त्याला पर्याय नाही. गळ्यात पट्टा नाही, छातीवरून जाणारे बंध. हे आम्ही शिकलो ते तान्ह्या पोळ्याला, जेव्हा मुलांनी लाकडी बैलांच्या रांगेत बोंड्यालाही बेगड लावून, पाठीवर झूल घालून उभे केले आणि गळ्यातल्या दोरीने मिरवत नेले. मारुतीच्या पारापर्यंत पोहोचेस्तोवर त्याला ठसका लागून उलटी झाली. सासूबाईंशी सर्वांत मोठी लढाई कांद्याची होती. पाटोडीच्या रश्श्यात भिजवलेली भाकरी कोणाला सोसत नाही, हे त्यांना पटतच नव्हते. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा त्या गप्प झाल्या, पण रश्श्याऐवजी तूप-भाकरी सुरू झाली, आणि तिची नोंद बोंड्याच्या कमरेने घेतली.

मावशींचे बोलणे या सगळ्यात कुठेतरी अडकून राहिले होते. रात्री घोरण्याचा आवाज आला की पूर्वी मला झोप लागायची, आता मी श्वास मोजू लागले. डिसेंबरमध्ये आम्ही त्याला नागपूरला सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घेऊन गेलो. तिथल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी त्याची नाकपुडी मला जवळून दाखवली. ज्याला मी तीन वर्षे नाक म्हणत होते ती दोन बाजूंना दोन बारीक चिरा होत्या, स्वल्पविरामाएवढ्या, आणि श्वास घेताना त्या उघडण्याऐवजी मिटत होत्या. वजन अकरा किलो तीनशे भरले, ते फार तर आठ असायला हवे होते. झोपतो कसा, असे त्यांनी विचारले. मी कौतुकाने फोनमधले ते छायाचित्र काढले. त्यांनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "हो, ही मुले असेच काहीतरी उंच शोधतात. हनुवटी वर राहिली की श्वासाची वाट सरळ राहते. काही जण तोंडात खेळणे धरून झोपतात, काही बसून."

बाबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी फोन हातात घेतला, छायाचित्र बराच वेळ पाहिले, आणि परत दिला.

नाकपुड्या रुंद करण्याची आणि टाळूचा वाढीव भाग कमी करण्याची शस्त्रक्रिया असते. पण अशा कुत्र्याला भूल देणे आणि भुलीतून बाहेर काढणे हेच जोखमीचे, त्यामुळे आधी वजन उतरवा, मग ठरवू, असे ठरले. परतताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही. मला राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हते. भाच्यावर, जाहिरातीवर, की ते चपटे तोंड दोन्ही हातांत धरून 'किती गं गोड' म्हणणाऱ्या माझ्यावर? कारण गोड वाटते हे खरेच आहे. मोठे डोळे, नसल्यासारखे नाक, गोल गाल, आपण तान्ह्या बाळाच्या चेहऱ्यावर भाळतो तसेच या चेहऱ्यावर भाळतो. आणि भाळणाऱ्यांनीच तो पिढ्यान्‌पिढ्या घडवत नेला.

जातच अशी असते का, हे मी मग शोधत बसले. विल्यम होगार्थ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७४५ साली स्वतःचे चित्र पूर्ण केले, त्यात त्याच्या शेजारी त्याचा पग बसलेला आहे. त्या कुत्र्याचे नाव ट्रम्प. हे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे आणि फोनच्या पडद्यावर मी ते पुन्हा पुन्हा मोठे करून पाहिले, कारण त्या पगला नाक आहे. पुढे आलेले, श्वास घेता येईल असे. त्याचे पायही लांब आहेत. म्हणजे पावणेतीनशे वर्षांपूर्वी ही जात अशी नव्हती, तिला तसे करत नेले गेले. सोळाव्या शतकात हे कुत्रे चीनमधून युरोपात आणले ते डच व्यापाऱ्यांनी, असे सांगतात. त्यांच्या ऑरेंजच्या विल्यम राजपुत्राचा जीव १५७२ साली छावणीवर झालेल्या रात्रीच्या हल्ल्यात एका पगने भुंकून वाचवला, अशी दंतकथा आहे. (हे मी बाबांना सांगितले तेव्हा त्यांनी मचाणाखालच्या गोणपाटाची आठवण काढली.) आणि आज त्याच नेदरलँड्समध्ये अति आखूड तोंडाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर कायद्याने बंधने आहेत. आपल्याकडे मात्र 'पिल्ले मिळतील' अशा पाट्यांवर अजूनही सर्वांत चपटे तोंड सर्वांत महाग असते.

यंदा पहिला वेचा लागला. सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची वावरातली पूजा, झाले, दहीभाताचा एक घास बोंड्यालाही मिळाला, एकच. तूप बंद होऊन वर्ष होत आले आहे आणि ते सासूबाईंनी त्याच्यापेक्षा अधिक मनाला लावून घेतले आहे. संध्याकाळी वजने सुरू असताना त्याच मावशी आल्या. त्यांनी आधी बोंड्याकडे पाहिले, मग मला विचारले, "उशी उंच देली का त्याले?" मी आतून उशी आणून दाखवली. घरच्याच कापसाची, हातभर लांब, मीच शिवलेली. तो ती दिवसभर ओढत फिरतो, तिच्यावर हनुवटी ठेवून झोपतोही. फक्त बाबा घरी असले, चप्पल दाराशी असली, की उशी तशीच पडून राहते. उंची दोन्हींची सारखीच आहे, मी मोजून पाहिली आहे. मावशींनी उशी हाताने दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "मंग आता काट्यावर घ्या ना त्याले."

गाठोड्याच्या फडक्यात बसवून बोंड्याला काट्याला टांगले तेव्हा त्याने चारही पाय ताठ केले आणि कपाळाला आठ्या घालून तो बाबांकडे पाहत राहिला. आठ किलो नऊशे. बायकांनी गलका केला. एकीने विचारले, "ह्याची मजुरी काय भावानं देता जी?" बाबांनी न हसता वहीत शेवटच्या नावाखाली 'बोंड्या' असे लिहून पुढे आकडा मांडला. त्याचा परिणाम असा झाला की सगळ्या गेल्यावर दिवसभराच्या कापसाची बेरीज जुळेना, आणि मी तीन वेळा नव्याने मांडल्यावर कुठे नऊ किलोंच्या आसपासचा तो फरक ध्यानात आला.

तोवर अंधार पडला होता. गोठ्यात म्हैस हंबरली तसे बाबा उठले आणि उंबरठ्याशी थांबले. बोंड्या झोपला होता, हनुवटी त्यांच्या डाव्या चपलेवर, आटाचक्की सुरू. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, कोपऱ्यातली माझी चप्पल पायांत कशीबशी अडकवली आणि टाचा बाहेर काढून गोठ्याकडे गेले.